नियम आणि त्यामागील कारण



पर्वतावर जसजसे उंच जावे तसतशा वनस्पती खुज्या होत जातात, हा नियम भूगोलाच्या तासाला सांगितला जातो व मुले तो पाठ करतात. परंतु पाठ केलेला नियम आणि उमगलेला नियम यांत अंतर असते. पूर्व आफ्रिकेतील माउंट केनिया पर्वत हे अंतर उत्तम प्रकारे दाखवितो.

विषुववृत्तालगतच्या या पर्वताची उंची ५,१९९ मीटर आहे. सुमारे ४,००० मीटर उंचीवर अरण्य कधीच मागे पडलेले असते. तेथे सूर्यफुलाच्या कुळातील डेंड्रोसेनेसिओ ही वनस्पती मात्र १५ ते २० फूट वाढते. जाड खोड आणि शेंड्यावर कोबीसारखा पानांचा झुबका, असे तिचे रूप असते.

हे कसे घडते? हिमालयात थंडी ऋतूची असते. कित्येक महिने सर्व काही गोठलेले राहते, म्हणून तेथील पुष्कळशा वनस्पती जमिनीला बिलगून बर्फाखाली तग धरतात. माउंट केनियावर थंडी रात्रीची असते. बाराही महिने दिवसा ऊन पडते व रात्री पाणी गोठते. त्यामुळे वाढ मंद असली तरी महिनोन्‌महिने खुंटत नाही. संकट केवळ रात्रीचे असते, आणि कडक गारठा जमिनीलगत अधिक असतो. तेव्हा नाजूक शेंडा उंचावर असणे हिताचेच ठरते.

रात्री झुबक्यातील पाने मिटून कोवळ्या शेंड्याला झाकतात. वाळलेली पाने गळून न पडता खोडाभोवती गोधडीप्रमाणे राहतात. त्यामुळे खोडाच्या गाभ्यात साठलेले पाणी गोठत नाही. सकाळी पाने उन्हाने तापतात, पण जमीन अजून गोठलेली असते. त्या वेळी हेच पाणी उपयोगी पडते. शेजारची लोबेलिया केनिएन्सिस पानांच्या वाटीत पाणी धरून ठेवते. वर बर्फाचा पापुद्रा धरतो, खालचे पाणी द्रवच राहते आणि त्यातील अंकुर वाचतो.

या लोबेलियाची एक बहीण सह्याद्रीत आहे. महाबळेश्वरच्या परिसरात तिला देवनळ किंवा रानतंबाखू म्हणतात. ती विषारी असल्याने मुलांना दुरूनच दाखवावी.

माउंट केनियाचे उदाहरण अपवाद म्हणून सोडून देऊ नये. उंचीबरोबर वनस्पती खुज्या का होतात, हे शिक्षकाने आधी मुलांनाच विचारावे. ज्या मुलाला कारण कळले आहे, तो या महाकाय वनस्पतींपाशी अडखळणार नाही. केवळ नियम पाठ करणारा मात्र तेथेच थांबेल.