मीटरपासून मोजा

कवी सूर्यावर बोलू लागला की ऐकणारे उपमांची तयारी ठेवतात. आज मात्र मी हिशेब सांगणार आहे, आणि तो मला फलटणला आमच्या मळ्याशेजारच्या आप्पांनी शिकवला.

डिसेंबर २०२२मध्ये बातमी आली: अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत अणुसंमीलनातून, घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली. मी ती हौसेने आप्पांना वाचून दाखवली. एक आठवडा आड त्यांना रात्रीची लाइट. उसात पाणी द्यायला अंधारात, साप-विंचवातून जायचं. म्हटलं, आता विजेचा तोटा संपेल. आप्पा पंपात बादलीने पाणी ओतत होते. आधी पाजल्याशिवाय तो पाणी धरत नाही. मान वर न करता म्हणाले, "कविराज, घातली किती, ते मीटरवर बघितलं का?"

मी बघितलं नव्हतं. मग बसून वाचलं.

तारापूरच्या अणुभट्टीत युरेनियमचा जड अणू फुटतो. सूर्यात उलटं घडतं. हायड्रोजनचे हलके अणुगर्भ जुळून हेलियम होतो आणि थोडं वस्तुमान ऊर्जा होऊन निघतं. 'थोडं' म्हणजे सेकंदाला सुमारे ४० लाख टन! अडचण एवढीच, की हे गर्भ धनभारित, म्हणून एकमेकांना दूर लोटतात. त्यांना भिडवायला अफाट वेग, म्हणजे अफाट उष्णता हवी. सूर्याच्या पोटात दीड कोटी अंश पुरतात, कारण त्याच्या स्वतःच्या वजनाचा दाब मदतीला असतो. आपल्याकडे तो दाब कुठला? म्हणून इथे १५ कोटी अंशांच्या घरात जावं लागतं. ते सोसणारं भांडं नाही, तेव्हा तप्त वायू चुंबकांच्या बळावर अधांतरी धरतात. फ्रान्समध्ये उभा राहणारा 'इटर' प्रकल्प याच पद्धतीचा. भारत त्यात भागीदार आहे.

लिव्हरमोरची रीत निराळी. तिथे इंधनाची मिरीएवढी गोळी एका डबीत ठेवून डबीवर १९२ लेसर किरण सोडले. लेसरची ऊर्जा २.०५ मेगाज्यूल, निघालेली ३.१५. बातमी खरीच होती. पण ते लेसर चालवायला तारेतून सुमारे ३०० मेगाज्यूल वीज घेतली होती. आपल्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे खर्च ८३ युनिट, आणि हाती एक युनिटही पुरतं नाही. तीही उष्णता, वीज नव्हे.

१९५५मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभांनी भाकीत केलं होतं, की दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा ताब्यात येईल. १९७५ साल आलं तेव्हा मी पाटीवर मुळाक्षरं गिरवत होतो. भाभांना हसावंसं मात्र मला वाटत नाही. सूर्य कसा जळतो हे कळलं होतं. तो कोंडायला काय पडतं, हे अजून कळतंय.

आप्पांना ८३ युनिटांचा आकडा सांगितला. ते म्हणाले, "मी बादली ओतून विहीर घेतो, त्यांनी विहीर ओतून बादली घेतली. पण घेतली ना? मग करू द्या त्यांना." आणि सुनेला हाक मारली, "अगं, बॅटरी चार्जिंगला लाव, आज रात्रीची लाइट हाय."