बाई, तुमचं उशिरा ऐकलं



दहावीनंतर मी जीवशास्त्र सोडलं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "नको गं सोडूस." मी ऐकलं नाही. वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं. आता पंचेचाळिसाव्या वर्षी अमेरिकेत नोकरी सांभाळून बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करते आहे. प्रबंध नाही, संध्याकाळचे वर्ग आणि शेवटी एक प्रकल्प. हृदयाच्या झडपांची नावं लेक माझ्याकडून पाठ करून घेते.

पहिल्याच सत्रात थेरॅक-२५ या कॅन्सरवरच्या किरणोपचार यंत्राबद्दल शिकवलं. १९८५ ते १९८७ दरम्यान त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. काही जण दगावले. ऑपरेटरने टाइप केलेलं भराभर दुरुस्त केलं, की कधी कधी सॉफ्टवेअर गोंधळायचं. आधीच्या यंत्रांतली वेगळी सुरक्षा-यंत्रणा काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली होती.

तसली चूक माझ्या हातूनही झाली आहे. आमच्याकडे ती सोमवारी दुरुस्त होते, कुणाच्या जिवावर बेतत नाही. पण माझ्या बाबांच्या छातीत पेसमेकर आहे. त्यातलं सॉफ्टवेअरही माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलंय.

म्हणून शिकते आहे. बाई, तुमचं ऐकायला तीस वर्षं उशीर झाला, एवढंच.