आज कोण भेटलं?



उंब्रजला समर्थ रामदासांनी स्थापन केलेला मारुती आहे, अकरा मारुतींपैकी एक. दिवस कलला की गावातली म्हातारी माणसं देवळाकडं निघतात. कुणी उमेदीची वर्षं मुंबईच्या गिरणीत घालवलेली, कुणी माथाडीत. ऊस कधी तुटणार, गुडघ्याचं काय, याच गप्पा. पण एखादा दिसला नाही, की लगेच विचारणा होते, “आज नाना का आलं न्हाईत?” ही हजेरी फार मोलाची आहे.

घरात माणूस एकटं पडलं की आधी जेवण आटपतं. एकट्यापुरती चूल कशाला पेटवायची, म्हणून चहा-बटरवर भागवलं जातं. मग रक्तदाबाची गोळी राहते, चालणं थांबतं, झोप उडते. पाय सुजलेत हे बघायला कुणी नसतं. २०१० साली संशोधकांनी १४८ अभ्यासांमधली तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचा गोतावळा घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त दिसली.

पुरुषांना देवळाचा पार आहे, बायकांचं काय? पूर्वी नदीवर धुणं धुता-धुता चौघींशी मन मोकळं व्हायचं. नळ घरात आला, कमरेवरची घागर उतरली, हे चांगलंच झालं. पण बोलायची जागाही गेली. आमच्या शेजारच्या आजी घरात एकट्याच शेंगा फोडत बसायच्या. एके दिवशी त्यांनी सूप उचललं आणि समोरच्या ओट्यावर जाऊन बसल्या. आता दुपारी तिथं तिघी-चौघी असतात. “गोळी घेतली का गं?” असं एकमेकींना विचारतात, आणि गोळी चुकत नाही.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे. मसूरच्या बहिणीला, कराडच्या लेकीला भेटून या. फारच एकटं वाटलं, अडचण आली, तर १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनवर बोला.

आणि मुंबई-पुण्यातल्या लेकरांनो, तुम्ही पाठवलेले पैसे पोचतात. फोनवर गोळ्यांची चौकशीही करता. त्यासोबत आणखी एक विचारत चला, “आज कोण भेटलं?” उत्तर “कुणी नाही” असं आलं, तर लगेच शेजारी फोन लावा आणि सांगा, “आमच्या आईला जरा ओट्यावर बोलवा.”