भांड्यांसकट आचारी

आमच्या महाविद्यालयाचा वार्षिक अंक आमचा एक विद्यार्थी संगणकावर जुळवीत असे. मजकूर लाटेकच्या पद्धतीने लिहिलेला. काळ्या पडद्यावर 'लाटेक-एमके' ही एक आज्ञा दिली, की अनुक्रमणिकेतले आकडे जुळेपर्यंत ते साधन आपण होऊन पुन्हापुन्हा फेऱ्या मारी आणि छापखान्यात धाडायची प्रत तयार करी. विद्यार्थी पदवी घेऊन गेला. पुढच्या वर्षी तीच आज्ञा आम्ही दुसऱ्या संगणकावर दिली, तर उत्तर आले : फाँट सापडत नाही. घाईघाईने दुसरा देवनागरी फाँट घातला. त्याची अक्षरे रुंद निघाली, पाने वाढली. छापखाना १६ पानांच्या फॉर्मच्या हिशेबाने चालतो. अखेर पहिल्या वर्षाच्या एका मुलीची कविता मी माझ्या हाताने काढली. तिची ती पहिलीच कविता होती.

आता तुम्ही म्हणाल, साधन नीट बसवायचे, त्यात काय मोठेसे? पण लाटेक-एमके एकटे नांदत नाही. त्याला पर्ल भाषा हवी, देवनागरी जुळवायला झीटेकसारखे यंत्र हवे, पॅकेजे हवीत, फाँट हवेत. आणि प्रत्येकाची आवृत्ती निराळी!

लग्नघरी आचारी कसा येतो ते आठवा. झारे, कढया, मसाल्याचा डबा, सारे त्याच्याबरोबर. यजमानाकडे तो चूल आणि शिधा एवढेच मागतो. २०१३ साली पुढे आलेल्या डॉकरने संगणकावर हीच सोय सर्वांच्या हाती दिली. साधनाला लागणारे सारे सामान एका इमेजमध्ये बांधायचे. ती इमेज चालू केली की होतो तो कंटेनर. चूल मात्र यजमानाची, म्हणजे त्या संगणकाच्या प्रणालीचा गाभा, कर्नेल.

बांधणीची कृती डॉकरफाइल नावाच्या लहानशा यादीत लिहितात. आरंभी पाया कोणता ते सांगायचे, मग पॅकेजे आणि फाँट आत घालायचे, शेवटी 'एन्ट्रीपॉइंट'पुढे लाटेक-एमकेचे नाव. म्हणजे इमेज चालवणे हेच ती आज्ञा देणे झाले. अंकाचे फोल्डर बाहेरून जोडून द्यावे. तयार प्रत त्यातच उतरते.

तीन गोष्टी मात्र मी ठेचा खाऊन शिकलो. पाया निवडताना 'लेटेस्ट' या नावावर विसंबू नये. आज त्या नावाने मिळते तेच उद्या मिळेल असे नाही. आवृत्ती नेमकी लिहावी. दुसरे, लिनक्सवर कंटेनर सहसा 'रूट' या सर्वाधिकाऱ्याच्या नावाने चालतो, आणि मग तयार प्रतीची मालकीही त्याचीच होते. जेवण आपल्या घरात, पण कुलूप आचाऱ्याचे! म्हणून चालवताना आपला वापरकर्ता-क्रमांक द्यावा. तिसरे, इमेज इतरांना वाटायची असेल तर फाँट खुल्या परवान्याचा घ्यावा. आम्ही नोटो घेतला.

यादी जपली म्हणजे झाले, असेही समजू नका. काही वर्षांनी तीच यादी वेगळे सामान आणील, किंवा काही सामान मिळणारच नाही. म्हणून बांधलेली इमेजही फाइल करून आम्ही ग्रंथालयाच्या कपाटात ठेवली आहे, यादीच्या छापील प्रतीसह.

ती कविता पुढच्या अंकात आली. मुलीने अंक हातात घेतला, आधी अनुक्रमणिका पाहिली, मग पान उघडले. आकडा बरोबर होता.