चारशे एमएमचं कव्हर

(दुबईत सोनापूरच्या एका लेबर कॅम्पात रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीट केलं.)

उद्या पहाटे साडेचारला बस आहे, हे मलाही माहीत आहे. त्यामुळे लांबण लावत नाही.

मी साईटवर सुपरवायझर आहे, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला. गेली काही वर्षं कंपनी माझ्याकडून आणखी एक काम करून घेते. मुंबईच्या एजंटकडून माणसांची यादी आली, की मुलाखतीआधी प्रत्येकाला व्हिडिओ कॉलवर दहा प्रश्न विचारायचे. मराठी-हिंदी येतं म्हणून हे काम माझ्या गळ्यात. दहापैकी सात उत्तरं बरोबर आली तर माणूस पुढे मुलाखतीला जातो, नाहीतर घरी.

मागे एकदा फिटर हवे होते, सळईकामाला. प्रश्न साधा होता, कॉलमला कव्हर किती? पहिला म्हणाला, "चारशे एमएम." मला वाटलं घाबरला असेल, चाळीस म्हणायचं असेल. दुसरा म्हणाला, "चारशे एमएम, सर." मग तिसरा, मग चौथा. अकरा जणांपैकी नऊ जणांनी चारशे सांगितलं.

तुम्ही हसताय, कारण तुम्ही रोज सळई बांधता. कॉलम तीनशेचा आणि कव्हर चारशेचं, मग सळई ठेवायची कुठे, शेजारच्या प्लॉटमध्ये? कुठल्यातरी कागदावर 40 पुढे एक शून्य जास्तीचं पडलं होतं आणि नऊ जणांनी ते शून्यासकट पाठ केलं होतं.

तो कागद पुढे फिरत फिरत माझ्या फोनवर आला. बघितलं तर दहाच्या दहा प्रश्न माझे. आता हे प्रश्न एजंटला मुंबईत बसून स्वप्नात पडलेले नाहीत. इथे आलेल्या आपल्यातल्याच कोणीतरी ते आठवून आठवून गावाकडे पाठवले. भावासाठी पाठवले, मेव्हण्यासाठी पाठवले. मनात वाईट काही नव्हतं. पण एजंटच्या माणसाने तोच कागद पुढे पाच-पाच हजाराला विकला. म्हणून हे बोलणं गावाकडच्या पोरांआधी तुमच्यासाठी आहे.

मी इथे कोणाला चोर म्हणायला आलेलो नाही. आधी माझंच ऐका. माझी पहिली मुलाखत फोनवर झाली. शेजारी माझा वर्गमित्र पुस्तक उघडून बसला होता. पलीकडून प्रश्न आला की तो बोट ठेवायचा आणि मी वाचायचो. नोकरी लागली. इथे आलो आणि पहिल्याच आठवड्यात हातात बार बेंडिंग शेड्यूल आलं. नीट वाचता येईना. विचारावं तर माणसं म्हणणार, फोनवर तर पोपटासारखा बोलत होतास. सहा महिने मी रोज सकाळी पोटात गोळा घेऊन साईटवर गेलो. शेवटी एका म्हाताऱ्या आंध्राच्या फोरमनला खरं सांगितलं. त्याने रात्री जेवणानंतर मला शिकवलं. माझं नशीब, की त्या सहा महिन्यांत माझ्या हातून कोणाला इजा झाली नाही. हे नशीब म्हणतो, हुशारी म्हणत नाही.

सगळ्यांचं नशीब तसं नसतं. आता जे सांगतो, ते सांगायला मला जड जातं.

त्या कागदाच्या आधीची एक बॅच होती. फिटरची एक जागा राहिली होती आणि दोन माणसं. एक सोलापूरकडचे काका, पन्नाशीच्या आतबाहेर, पुण्याच्या साईटवर पंधरा वर्षं सळई बांधलेली. दुसरा बीडकडचा पोरगा, बाविशीतला, घरचे ऊसतोडीला जाणारे.

काकांना मी विचारलं, बारा एमएमच्या बारला लॅप किती? काका गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, "चार सुतीला दोन फूट सोडतो साहेब." माझ्या हातातल्या कंपनीच्या कागदावर उत्तर होतं फिफ्टी डी, म्हणजे सळईच्या जाडीच्या पन्नास पट. मी फुली मारली. असे आणखी दोन-तीन प्रश्न गेले. काका नापास.

पोराने सगळी उत्तरं फटाफट दिली. इंग्रजी शब्दांसकट. नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला होती, कानावर टोपी ओढलेली. मला दिसलं होतं. पण संध्याकाळचे सात वाजले होते आणि यादी संपवायची होती. मी पास केलं.

आता हिशोब करा. बारा एमएमची पन्नास पट किती? सहाशे एमएम. सहाशे एमएम म्हणजे किती? दोन फूट, जेमतेम. काकांचं उत्तर बरोबर होतं. ते त्यांच्या भाषेत होतं, एवढंच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे आपली बारा एमएमची सळई. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी फुली मारली.

पोरगा आला. महिनाभर दुसऱ्यांच्या मागे मागे राहून निभावलं त्याने. मग एक दिवस सहा मीटरच्या कॉलमचा पिंजरा उभा करायचा होता. फोरमनने हिंदीत सांगितलं, "ब्रेसिंग मार के फिर छोड़ना." ब्रेसिंग म्हणजे पिंजऱ्याला चारी बाजूंनी तिरके टेकू. पोराला तो शब्दच कळला नाही. पण फिटर म्हणून आलेला माणूस ब्रेसिंग म्हणजे काय, असं विचारेल कसा? त्याने मान डोलावली. फोरमन दुसरीकडे गेला. पिंजरा तारेच्या चार गाठींवर उभा राहिला, वारा आला आणि तो कलला. खाली बिहारचा एक हेल्पर तारा वेचत होता. त्याचा पाय मांडीत मोडला.

चौकशी झाली. पोराचा अनुभवाचा दाखला खोटा निघाला, तोही एजंटनेच करून दिलेला. पोराला काढलं. घरी एक लाख चाळीस हजाराचं कर्ज होतं. त्याचा दोन महिन्यांचा ओव्हरटाईमही कंपनीकडे अडकला होता. मी म्हणालो, अरे, केलेल्या कामाचे पैसे आहेत, तक्रार कर, मी सोबत येतो. तो म्हणाला, "सर, मी कुठल्या तोंडाने बोलू?" आणि तसाच विमानात बसला.

मंडळी, मला जे सांगायचंय ते या पोराच्या एका वाक्यात आहे. मास्तर शाळेत सांगायचे, कॉपी करणं पाप आहे. ते असेल. पण आपल्यासारख्या परदेशात राबणाऱ्या माणसाकडून कॉपी दोन गोष्टी काढून घेते. पहिली, साईटवर विचारायची सोय. जो खरं सांगून आला तो म्हणू शकतो, "दादा, हे मला येत नाही, दाखवा." दुसरी, अन्याय झाला तर भांडायची ताकद. कंपनीने पगार कापला, एजंटने फसवलं, तरी माणूस गप्प, कारण आपलंच शेपूट अडकलेलं. एजंटला हे बरोबर माहीत असतं. तो कागद विकतो तेव्हा पाच हजार तर घेतोच, वर तुमची जीभ गहाण ठेवून घेतो.

आता कायद्याचं बोलतो, कारण कॅम्पात अर्धवट ऐकीव माहिती फार फिरते.

इथला कामगार कायदा 2021 चा, लागू झाला 2 फेब्रुवारी 2022 पासून. त्यात प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने. त्या काळात काढायचं असेल तरी कंपनीने 14 दिवस आधी लेखी कळवावं लागतं. पण खोटी ओळख दाखवली किंवा खोटे दाखले दिले, तर लेखी चौकशी करून नोटीस न देता काढता येतं. म्हणजे व्हिडिओवर आपल्या जागी दुसऱ्याला बसवणं आणि खोटा दाखला जोडणं, या दोन गोष्टी नुसत्या चलाखीत मोजल्या जात नाहीत. त्यांनी पायाखालची फळीच जाते.

तरीही नीट ऐका. ज्याने चूक केली, त्याचाही केलेल्या कामाचा पगार बुडवायचा हक्क कोणाला नाही. भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायलाही इथल्या कायद्याने कंपनीला बंदी आहे. त्या पोराला मी हे तेव्हा जोर देऊन सांगायला हवं होतं. तुमच्यात असा कोणी असेल तर गप्प बसू नका. भारतीय कामगारांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, फोन 800 46342, फुकट लागतो. हिंदीत बोलता येतं.

आणि गावाकडे आज रात्री फोन कराल तेव्हा भावाला, भाच्याला एवढं सांगा.

एक, प्रश्नांचा कागद विकत घेऊ नको. नोंदणी असलेल्या एजंटला सेवेचे म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. "पास करून देतो" याची पावती कोणी देत नाही. पावती नाही म्हणजे पैसे देऊ नको. एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर बघता येते.

दोन, जे येतं ते आपल्या शब्दांत सांग. एमएम येत नसेल तर सूत सांग, फूट सांग. इंग्रजी कळलं नाही तर "हिंदीत विचारा साहेब" म्हण. यात लाज नाही. "बोलून नाही, करून दाखवतो" असंही म्हण. पक्कड आणि चार सळया समोर ठेवून कॅमेरा लाव. हाताला कोणी कॉपी म्हणू शकत नाही.

तीन, काम येतच नसेल तर हेल्पर म्हणून ये. पगार कमी, हे खरं. पण हेल्पर विचारू शकतो, आणि विचारणारा शिकतो. इथे फोरमन झालेले कितीतरी जण हेल्पर म्हणून आलेत.

चार, ऑफर लेटरवर सही करायच्या आधी कामाचं नाव आणि पगार बघ. इथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर अरबी-इंग्रजीसोबत हिंदीतही मिळतं. ते माग. फिटर म्हणून बोलावलं आणि कागदावर हेल्पर लिहिलं, तर ती फसवणूक तुझी होतेय. तेव्हा तुझी बाजू स्वच्छ असली तर भांडता येईल.

आता माझ्या बाजूचं. माझ्यासारखी कामं करणारे दोघं-तिघं इथे बसलेत, त्यांनाही सांगतो. कॉपी का होते? कारण आपण पाठ करता येतील असेच प्रश्न विचारतो. त्या अपघातानंतर मी कंपनीच्या मागे लागून प्रश्न बदलले. आता मी आकडे कमी विचारतो. छज्जाचं चित्र दाखवतो आणि म्हणतो, मेन सळई वर टाकशील की खाली? आणि का? ज्याने छज्जा बांधलाय तो लगेच हात पुढे धरून दाखवतो, "साहेब, हा असा खाली झुकणार, म्हणजे ओढ वरच्या बाजूला, सळई वर." ज्याने पाठ केलंय तो शेजारच्याकडे बघतो. एका मिनिटात कळतं, आणि शाळा न शिकलेला कारागीर त्यात मागे पडत नाही.

सोलापूरच्या काकांना मी नंतर शोधायचा प्रयत्न केला. एजंटकडचा नंबर बंद लागतो. एजंटच्या माणसाने मात्र एक गोष्ट सांगितली. त्याने काकांनाही कागद देऊ केला होता. काका म्हणाले होते, "मला वाचता येत नाही. कागद घेऊन काय करू? काम विचारा की." मी त्यांना नेमकं कामच विचारलं नव्हतं. ती फुली माझ्या हातची आहे आणि ती पुसता येत नाही.

जे करता येईल ते करतो. पुढच्या रविवारपासून जेवणानंतर अर्धा तास मी इथेच मेसमध्ये बसणार आहे, जुनी ड्रॉइंग घेऊन. ज्याला ड्रॉइंग वाचायला शिकायचंय, सुताचं एमएम करायला शिकायचंय, त्याने यावं. कोण कसा पास होऊन आला, हे मी विचारणार नाही. वही आणली तर बरं, नाही आणली तरी या. आणि ब्रेसिंग म्हणजे काय, हे ज्याला माहीत नसेल, त्याने आत्ताच विचारा. मी दाखवतो.