पाळी जाण्याचा काळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय चारचौघींत बोलायला संकोच वाटावा असाच आहे. परंतु या संकोचापायीच कित्येकजणी अंगातले रक्त गमावीत बसतात, म्हणून बोलते.

चाळिशी उलटली की पाळीचा नेम राहत नाही. कधी दोन महिने येत नाही, तर कधी धानाच्या रोवणीत आठ-आठ दिवस अंगावरून जाते. दर महिन्याला बीज सुटेनासे झाले की प्रोजेस्टेरॉन कमी पडते. इस्ट्रोजेन मात्र गर्भाशयाचे अस्तर वाढवीत राहते आणि ते वेळी-अवेळी गळते. सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे समजावे.

पण सारेच वयाच्या माथी मारू नये. गाठी, थायरॉइड, क्वचित कर्करोगही कारण असतो. तासातासाला घडी भिजणे, मोठ्या गुठळ्या, ७ दिवसांहून अधिक स्राव, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा दिसलेला एखादा डागही डॉक्टरांना दाखवावा. सिकलसेल असलेल्या भगिनीने तर मुळीच थांबू नये.

‘पिशवी काढून टाकली की सुटलो’ असे म्हणण्याची घाई नको. बीड जिल्ह्यात २०१९ साली सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली; त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पुष्कळजणी चाळिशीच्या आतल्या होत्या! आधी रक्ताची तपासणी, सोनोग्राफी, गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासणे, मग औषध. शस्त्रक्रिया शेवटी.

अंगाची लाही होणे, झोप न लागणे यांवर संप्रेरकांच्या गोळ्या देतात. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हवेच. नाहीतर अस्तर धोक्याइतके वाढते. पहिले ३ ते ६ महिने थोडे डाग पडतात; त्यापुढेही पडले किंवा स्राव वाढला तर तपासून घ्यावे. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेलेलीने या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. कारण न कळलेला स्राव असतानाही नव्हे. शेजारणीची चिठ्ठी आपल्याला चालत नाही. आणि या गोळ्यांनी गर्भ राहणे टळत नाही, हेही ध्यानात असावे.

भगिनींनो, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पाळीच्या तारखांना खूण करा. तो कागद घेऊन गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात जा. एकटीला धीर होत नसेल, तर मंडळातली एखादी सोबत न्या. मंडळ त्यासाठीच आहे.