पथ्य आणि पंगत

लग्नकार्याच्या पंगतीत पाने मांडलेली आहेत. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. वाढपी पुरणपोळीचे ताट घेऊन येतो आणि एका पानावरचा तरुण हात आडवा धरतो. यजमानीणबाई लगबगीने येतात. ‘अर्धी तरी घ्या, एवढ्याने काय होणार आहे?’ शेजारचे पाहुणे हसतात, कोणी तरी त्याच्या नाजूक प्रकृतीवर कोटी करतो, आणि अखेर भिडेस्तव तो अर्धी पोळी पानात पडू देतो. पुढचे चार दिवस त्याचे कसे जातात, हे त्या पंगतीतल्या कोणालाही कधीच कळत नाही.

‘एवढ्याने काय होणार’ या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाने आता पुरेसे निश्चित दिले आहे. गहू, सातू म्हणजे बार्ली, आणि युरोपात पिकणारा राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे एक प्रथिन असते. कणीक मळली की तिला जो ताण येतो, तो याच प्रथिनाचा. पुरणपोळी कागदासारखी पातळ लाटता येते, ती त्याच्याच कृपेने. परंतु काही माणसांच्या शरीराची संरक्षक यंत्रणा या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू मानते आणि त्याच्याशी लढताना आपल्याच लहान आतड्याची नासधूस करते. आतड्याच्या आतल्या अस्तराला मखमलीच्या लवेसारखे बारीक अंकुर असतात आणि अन्नरस शोषण्याचे काम ते करतात. हे अंकुर झिजून सपाट झाले की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. मूल असेल तर त्याचे पोट फुगते, हातपाय काटकुळे राहतात, उंची खुंटते. प्रौढ माणसात पुष्कळदा एवढे ढळढळीत काही दिसत नाही; लोहाच्या गोळ्यांनीही न हटणारा पंडुरोग, ठिसूळ होत चाललेली हाडे आणि सततचा थकवा, एवढीच त्याची खूण असते. या विकाराला सिलिॲक रोग म्हणतात. त्यावर आजही पथ्याखेरीज दुसरा सिद्ध उपाय नाही.

हे पथ्य शोधून काढण्याची कथा मोठी बोधप्रद आहे. लंडनमधील लहान मुलांच्या रुग्णालयातील सॅम्युएल गी या वैद्याने १८८८ मध्ये या रोगाचे नेटके वर्णन प्रसिद्ध केले आणि रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, असे निदान वर्तवले. मात्र कोणत्या आहाराने, हे त्याला उमगले नव्हते. त्याने एका मुलाला रोज हॉलंडचे उत्तम शिंपले खाऊ घातले. मूल झपाट्याने सुधारले. पण शिंपल्यांचा हंगाम संपला आणि ते पुन्हा खंगू लागले. पुढे १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास याने केळ्यांचा आहार सुचवला. मुले सुधारली आणि सारे श्रेय केळ्याला मिळाले. गुण येत होता तो पानातून वगळलेल्या पावामुळे. पण पानात वाढलेल्या पदार्थाकडे सर्वांचे लक्ष, वगळलेल्याकडे कोणाचेच नाही!

गव्हाकडे बोट दाखवले ते विलेम डिके या डच बालवैद्याने. त्याचा संशय दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त पश्चिम हॉलंडमध्ये अन्नाची विलक्षण टंचाई झाली, पाव दुर्मिळ झाला आणि लोकांनी ट्यूलिपचे कंदसुद्धा उकडून खाल्ले. त्या काळाच्या अनुभवाने डिकेचा संशय बळावला. त्यानंतर सहकाऱ्यांसह त्याने पद्धतशीर मोजमापे केली. मुलांच्या आहारात गहू घालायचा, काढायचा आणि न पचता बाहेर पडणाऱ्या स्निग्धांशाचे प्रमाण पाहायचे, असा तो क्रम होता. १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्याने आपला निष्कर्ष मांडला. ज्या अन्नाने युरोपचे पिढ्यान्‌पिढ्या पोषण केले, तेच काही मुलांना मारक ठरत होते.

आपल्याकडे हा रोग परक्यांचा समजला जात असे. तो समज आता टिकलेला नाही. उत्तर भारतात शंभरांत सुमारे एकाला तो असतो, दक्षिणेत त्याचे प्रमाण फारच कमी आढळते, आणि या तफावतीचे एक मोठे कारण रोजच्या ताटातला गहू हेच मानले जाते. दिल्ली, ग्वाल्हेर, इंदूर येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे गव्हाच्या मुलखात राहतात, हे वेगळे सांगायला नको. पण खुद्द महाराष्ट्रातही ताट पालटले आहे. देशावर ज्वारी, खानदेशात आणि नगरकडे बाजरी, मावळात आणि घाटमाथ्यावर नाचणी, कोकणात तांदूळ, अशी इथली जुनी वाटणी होती. कितीतरी घरांत गहू सणावारीच दळला जाई. १९५६ च्या करारान्वये अमेरिकेचा गहू येऊ लागला, पुढच्या दशकात हरितक्रांतीने घरचा गहू मुबलक केला, आणि पोळी रोजची झाली. नुसती रोजची झाली असे नव्हे, प्रतिष्ठेचीही झाली. भाकरी खाणारा तो गरीब आणि पोळी खाणारा तो सुखवस्तू, असा एक हिशेब मनात रुजला, आणि तोच पथ्याच्या आड येतो. मूल खंगते आहे असे दिसले की घरची माणसे त्याच्यासाठी प्रेमाने गहू तीन दिवस भिजवतात, वाटून गाळतात आणि गव्हाचे सत्त्व करून भरवतात. गाळताना चोथा निघून जातो, तरी प्रथिनाचा अंश मागे राहतोच. ज्या घासाने मूल सुधारावे म्हणून जिवाचा आटापिटा, तोच घास त्याचे आतडे झिजवीत असतो. याच घरात डब्यात नाचणी असेल, तर तिचे सत्त्व त्याच हातांनी, त्याच रीतीने करता आले असते.

खरे पाहता या पथ्याला मराठी स्वयंपाकघराइतके अनुकूल स्वयंपाकघर शोधून सापडणार नाही. युरोपात पाव वगळला की ताटाचा कणाच मोडतो. आपल्याकडे पोळी वगळली तरी ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा आणि यच्चयावत डाळी शिल्लक राहतात. या धान्यांना गव्हाचा चिकटपणा नाही, एवढी मात्र अडचण; आणि ती दूर करण्याची युक्ती आपल्या बायकांनी विज्ञानाच्या आधी कितीतरी शतके साधली आहे. ज्वारीचे पीठ ताजे असावे लागते. ते शिळे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरीला कडा फुटतात. अशा वेळी पाणी कढत घ्यावे, म्हणजे पिठातले पिष्ट थोडे शिजते आणि चिकटपणाचे काम तेच करते. पीठ एका भाकरीपुरतेच घेऊन तळहाताने रगडून मळावे, परातीत थापावे, तव्यावर टाकताच वरून पाण्याचा हात फिरवावा आणि ते सुकण्याच्या आत उलटावे. उकड काढून केलेली तांदळाची किंवा नाचणीची भाकरी तर लाटणाऱ्यालाही जमते. घावन, आंबोळी यांत गव्हाचे नावही नाही. थालीपिठाच्या भाजणीत पुष्कळ घरी मूठभर गहू पडतात. ते वगळले तर चवीत फरक ओळखणारा जिभेचा पक्काच असला पाहिजे. आणि उपासाचा दिवस! एकादशी नि दुप्पट खाशी, ही म्हण इतरांना टोमणा म्हणून लागू पडेल. परंतु गहू न सोसणाऱ्याला वर्षात निर्धास्तपणे जेवता येते ते याच दिवशी. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची पुरी, शिंगाड्याचा शिरा, साबुदाण्याची खिचडी. धर्मशास्त्राने वर्ज्य केलेली धान्ये आणि वैद्याने वर्ज्य केलेली धान्ये इथे योगायोगाने जुळली आहेत. फक्त पिठे कोठे दळली, एवढे विचारून घ्यावे.

कारण खरी गोम तिथेच आहे. गव्हाची पोळी टाळणे सोपे. गव्हाची धूळ टाळणे कठीण. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात गेले तरी काही महिन्यांत आतड्याला इजा पोचू शकते, आणि एका पोळीत ते दोन-तीन हजार मिलिग्रॅम असते. म्हणजे पोळीचा नखाएवढा तुकडाही जास्तच. गिरणीत गव्हाच्या दळणावर ज्वारीचे दळण टाकले की पहिले शेर-दोन शेर पीठ मिश्रच निघते. म्हणून अशा घरी लहानशी चक्की असावी, किंवा माळ्यावरचे जाते खाली उतरवावे. दुसरा छुपा शत्रू फोडणीत आहे. हिंग हा मुळात एका झाडाचा चीक, निरुपद्रवी. परंतु बाजारात मिळते ते बहुधा बांधणीचे हिंग असते, आणि त्या उग्र चिकाला सौम्य करण्यासाठी डिंकाबरोबर कधी तांदळाचे पीठ तर कधी मैदा मिसळतात. वर्षानुवर्षे पोळीला न शिवलेला माणूस वरणातल्या चिमूटभर हिंगाने आजारी राहू शकतो. डबीवरचा मजकूर वाचणे हा आता पाककलेचाच भाग समजला पाहिजे. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नसावे, असा आपल्याकडे नियम आहे. मेतकुटात गहू असतो, कुरडई गव्हाच्या चिकाची, आणि तांदळाचा पापड कितीही निर्दोष असला तरी पुऱ्या तळलेल्या तेलात तो तळला की दोषी ठरतो. पोळपाट-लाटणे आणि परात वेगळी, कणकेचा हात धुतल्याशिवाय दुसऱ्या पिठाला लावायचा नाही, हे सारे ऐकून नव्या सुना दचकतात. पण त्यांच्या आजेसासूबाईंना यात काही नवल वाटले नसते. वेगळी भांडी, वेगळा हात, वेगळी चूल, ही शिस्त सोवळ्याच्या नावाखाली घरोघर पाळली जात होती. त्या शिस्तीने पुष्कळांना पंगतीबाहेर ठेवले. तिचाच उपयोग करून एखाद्याला पंगतीत बसवता येत असेल, तर तिचे थोडे पापक्षालन होईल.

दुधाचे प्रकरण याहून सौम्य आहे, आणि दोहोंची गल्लत करू नये. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे द्रव्य तान्ह्या मुलात भरपूर असते; जगातल्या बहुसंख्य माणसांत वय वाढते तसे ते उणावते. मग पेलाभर दुधाने पोट फुगते, गुडगुडते, ढाळ लागते. त्रास होतो, पण आतडे झिजत नाही, आणि थोडे दूध जेवणाबरोबर घेतले तर पुष्कळांना सोसतेही. इथेही मराठी ताटाने आधीच तोड काढून ठेवली आहे. विरजण लागले की त्या साखरेचा काही भाग आम्ल होऊन जातो. म्हणून दूध न सोसणाऱ्याला दही-भात, मठ्ठा, कढी बहुधा सुखाने चालतात. साजूक तुपात ती साखर जवळजवळ नसतेच. श्रीखंडासाठी चक्का टांगला की निथळलेल्या पाण्याबरोबर तिचा बराच भाग जातो. उलट बासुंदी आटवताना ती घट्ट होत जाते. लग्नात बासुंदीऐवजी श्रीखंडाचा बेत ठरवणारा आचारी काही पाहुण्यांना नकळत दुवा देण्याजोगा ठरतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी: सिलिॲकच्या रोग्याचे आतडे झिजलेले असताना त्याला दूधही सोसत नाही, गहू सुटला, आतडे भरून आले, की दूध पुन्हा पचू लागते.

अलीकडे शहरांतून गहू सोडण्याची एक हौस निघाली आहे. कोणी वजनासाठी सोडतो, कोणी कोणाचे पाहून. ती निरुपद्रवी वाटली तरी तिचे दोन तोटे आहेत. ज्याला खरोखरच हा रोग असेल त्याने तपासणीआधीच गहू सोडला, तर रक्तातली खूण पुसट होते, आतडे सुधारू लागते आणि निदान निसटते. म्हणून आधी वैद्य, रक्ताची तपासणी, जरूर तर आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढून परीक्षा, आणि मग पथ्य. दुसरा तोटा पंगतीतल्या त्या तरुणाचा. हौशी माणूस सोमवारी पोळी नाकारतो आणि रविवारी केक खातो. मग खऱ्या रोग्याचा नकारही लोकांना हौसेचाच वाटतो.

सर्वांत अवघड प्रसंग प्रसादाचा. पोळीला नाही म्हणता येईल; सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही कसे म्हणावे? तो तर सव्वाच्या मापाचा रव्याचा शिरा. द्रोण पुढे आला की लहान मूल आईकडे पाहते, आई सासूकडे पाहते, आणि कोणी तरी म्हणते, ‘देवाचे नाव घेऊन खा, काही होत नाही.’ होते, हे आता ठाऊक झाले आहे. परंतु या ठिकाणी देवाला मध्ये घालणाऱ्यांनी पोथी नीट वाचलेली नसते. पूजेच्या त्या कथेतच प्रसादाचे साहित्य सांगताना गव्हाचे पीठ न मिळाल्यास तांदळाचे पीठ आणि साखर नसल्यास गूळ घ्यावा, अशी स्पष्ट मोकळीक दिलेली आहे. तांदळाचा रवा तुपावर मंद भाजावा, त्यात दुप्पट-अडीचपट आधणाचे पाणी किंवा दूध घालून वाफ आणावी, मग गूळ, केळ्याचे काप आणि वेलदोडा. हा शिरा रव्याच्या शिऱ्यापेक्षा थोडा मऊ होतो आणि लवकर घट्ट होतो, म्हणून गरम असतानाच वाटावा. ज्या घरात एका मुलासाठी वेगळी वाटी न काढता सगळ्या कढईभर प्रसाद असाच केला जातो, त्या घरात ते मूल इतर मुलांच्या रांगेत उभे राहून द्रोण पुढे करते, आणि आईकडे वळून पाहत नाही.